टिचकी

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून घरी आलो, लिफ्टमधून बाहेर पडलो, दाराला किल्ली लावली आणि ती फिरेना. जोर लावून पाहिला. किल्ली काढून शर्टाला पुसली, पुन्हा घातली. एव्हाना आतून कुणीतरी “कोण आहे?” म्हणत आलं आणि दार उघडलं, तर समोर आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई. केसांना टॉवेल, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्या किल्लीकडे बघत राहिल्या. “डॉक्टर, तुम्ही वरचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “हो, पण आकडा नऊ होता,” मी म्हणालो. चोरी पकडली गेल्यावर पोरं बोलतात तसा माझा आवाज आला. “तो सकाळपासून एक मजला जास्त दाखवतोय. खाली एवढा मोठा कागद लावलाय, वाचला नाहीत?” कागद मी पाहिला होता. पाहिला होता म्हणजे डोळ्यांसमोरून गेला होता. ‘आकडा चुकीचा आहे, मजला पाहून उतरावे’ हे शब्द मी बहुधा मनात म्हटलेही होते. “आणि आकड्याचं काय घेऊन बसलात? दाराचा रंग तरी बघायचा,” असं म्हणून बाई हसल्या. त्यांचं दार हिरवं आहे. आमचं तपकिरी, गेली चौदा वर्षं तपकिरीच. मीही हसलो, दातांच्या डॉक्टरला हसावंच लागतं, ती त्याची पाटी असते. मग जिन्यानं वर निघालो आणि आठव्या-नवव्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसलो.

दुसरा कुणी असता तर घरात जाऊन ही गंमत बायकोला सांगितली असती. मला गंमत वाटेना, कारण गेले पाच आठवडे मी जी गोष्ट कुणाला सांगत नव्हतो ती या बाईंनी सफरचंद खाता खाता मला तोंडावर सांगितली होती. आकड्याचं काय घेऊन बसलात. आम्हा चौघांत मिळून एक जुनं, चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान आहे. शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये ते असतं. महिन्यातून दोनदा मी ते चालवतो, अकरा वर्षं झाली. क्लबात मला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि त्यात थोडी चेष्टा असते, कारण मी तिथला सुरक्षा-सचिव आहे. हे पद मी मागून घेतलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी नव्या लोकांना उंचीवर व्याख्यान देतो. फळ्यावर दोन रेघा काढतो, वरच्या रेघेवर एक विमान, खालच्या रेघेवर दुसरं. आकाशात भिंती नसतात, रस्ते नसतात, मधे असतो तो हजार फुटांचा शब्द, असं म्हणतो. हे वाक्य मला फार आवडायचं. त्यानंतर मी थोडा वेळ थांबायचो, कुणी लिहून घेतंय का बघायला. तीनशे फूट चुकलात तर ती चूक, आठशे चुकलात तर तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरलात, असंही म्हणायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं माझं मलाच म्हणवत नाही.

विमानातला उंचीचा काटा खरं तर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. दाब रोज बदलतो, म्हणून त्याच्या काचेत एक बारीकशी खिडकी असते आणि खाली एक चक्री. निघण्याआधी मनोऱ्यावरून आजच्या दाबाचा आकडा सांगतात, तो आपण मोठ्यानं परत म्हणायचा आणि चक्री फिरवून खिडकीत आणायचा. एवढंच. दात घासण्याइतकं सोपं, आणि लोक टाळतात तेही तितकंच. माझ्या बाबतीत टाळायचा प्रश्नच आला नव्हता, कारण माझी चक्री टिचकीमास्तर फिरवून ठेवायचे. ते क्लबचे यंत्रकार. साठीला टेकलेले, शिडशिडीत, कानावर पेन्सिल. विमानातल्या प्रत्येक तबकडीवर नखानं टिचकी मारल्याशिवाय पुढं जात नाहीत, म्हणून हे नाव. काटा कुठं अडकत असेल तर टिचकीनं उडतो, निरोगी असेल तर नुसता थरथरून जागेवर येतो. मीही रोग्याचा दात आरशाच्या दांड्यानं ठोकून बघतो, कुठला दुखतो ते कळायला. यावरून आमची दोस्ती झाली. “डॉक्टर, तुमचा काटा बसवून ठेवलाय,” असं ते मला दर वेळी सांगायचे, आणि मी लाड करून घ्यायचो. अकरा वर्षांत त्या चक्रीला माझा हात किती वेळा लागला असेल, कुणी शपथ घालून विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी मास्तर रजेवर होते. त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बुधवारी त्यांनी काटा बसवला होता तेव्हा हवा जड होती, दाब एक हजार एकोणीस. मग चार दिवसांत हवा उतरली. रविवारी आकाश स्वच्छ, वारा जरा हट्टी, आणि दाब नऊशे ब्याण्णव. मनोऱ्यावरून तो सांगितला, मी ‘नऊशे ब्याण्णव’ म्हणालो. तोंडानं म्हणालो. हात तेव्हा माझ्या मुलीच्या हेडफोनची दांडी तिच्या ओठांजवळ आणत होता. मुलगी अठरा वर्षांची, शेजारच्या आसनावर. तिला घेऊन मी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालो होतो, आणि बाप म्हणून मला फार बरं वाटत होतं. तेव्हा मी काट्याकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. आमचा हँगर समुद्रसपाटीपासून सहाशे फुटांवर आहे आणि काटा चौदाशे दाखवत असणार. विमान जमिनीवर उभं, चाकांखाली गवत, आणि काटा सांगतोय की तुम्ही हवेत आहात. मी फळ्यावर हे काढून दाखवतो. नवी पोरं हसतात, असं कोण करेल म्हणून.

तासाभरानं आम्हाला चार हजार फुटांवरून मोठ्या शहराच्या कडेनं जायला सांगितलं होतं. खाली तीन हजारांवर शिकाऊ विमानांची ये-जा असते. मी काटा चार हजारांवर धरून होतो, केसभरही हलू देत नव्हतो, आणि मुलीला तेच सांगत होतो, बघ, केसभरही हलत नाही. तेवढ्यात आमच्या पोटाखालून काहीतरी पिवळं गेलं. मुलगी “बाबा” म्हणाली, ओरडली नाही, नुसती म्हणाली. पिवळे पंख, काचेखाली दोन डोकी, एकावर पांढरी टोपी, आणि ते डोकं वर वळलेलं. त्याचं तोंड उघडं होतं असं मला आठवतं. इतक्या वेगात ते दिसलं असेल का, कुणास ठाऊक. उघडी तोंडं मी रोज बघतो, पण तसं पुन्हा बघू नये असं वाटतं. मग कानात रडारवरच्या बाईंचा आवाज आला, शांत, जरा जास्तच शांत. “तुमची उंची तपासा.” मी म्हणालो, “चार हजार.” “मला बत्तीसशे दिसतेय. दाब किती लावलाय?” विमान आपली उंची रडारला परस्पर कळवत असतं, त्याला माझ्या चक्रीशी देणंघेणं नसतं. मी खिडकीत पाहिलं. एक हजार एकोणीस. हात आपोआप चक्रीवर गेला, फिरवत राहिला, आणि काटा खाली, खाली, बत्तीसशेवर येऊन थांबला. मुलीची नजर माझ्या हातावर होती. “नऊशे ब्याण्णव लावलाय,” मी म्हणालो. “काटा अडकल्यासारखा वाटतोय.” दोन वाक्यं. पहिलं तोपर्यंत खरं झालेलं होतं.

मला कुणी विचारलं असतं की असं का बोललास, तर काय सांगणार होतो? जीव वाचवायला माणूस खोटं बोलतो, नोकरीसाठी बोलतो. माझं काहीच जाणार नव्हतं. उतरल्यावर जो फॉर्म भरायचा असतो त्याच्या माथ्यावरच छापलेलं आहे की चूक मोकळेपणानं सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही. का, तर लोकांनी लपवू नये आणि पुढच्याला सावध करता यावं. तो फॉर्म मी माझ्या व्याख्यानात वाटतो. जाणार होतं ते फक्त नाक. पहिल्या शनिवारी फळ्यापुढं उभं राहून सांगावं लागलं असतं की असं कोण करेल म्हणता, तर मीच. तेवढ्यासाठी. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, उंचीचा काटा अधूनमधून अडकत असावा. ‘असावा’ लिहिताना मला हुशारीही वाटली, म्हणजे पुरतं खोटं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझी जीभही माझीच होती आणि ती किती सफाईनं चालली.

पुढचं सगळं रीतसर झालं. विमान बाजूला ठेवलं, काट्याचं यंत्र काढलं, क्लबच्या अध्यक्षांचं मास्तरांना पत्र गेलं की बुधवारच्या तपासणीवर तुमचा शिक्का आहे, खुलासा करावा. दरेक तपासणीनंतर ते वहीत सही करून शेजारी एक गोल शिक्का मारतात, आत त्यांचा क्रमांक. तो शिक्का म्हणजे त्यांच्या परवान्याचा देह. मारण्याआधी त्यावर फुंकर घालायचे, जसं काही गरम आहे. मी पत्राबद्दल ऐकलं तेव्हा म्हटलं, तपासणीत यंत्र ठीक निघेल, प्रकरण मिटेल, मास्तरांचं काय बिघडतंय? घरी मेहुणी आली होती. जेवताना तिनं सहज विचारलं, काय गं, बाबाच्या विमानात म्हणे घाबरलीस? मी पाण्याचा पेला उचलला. मुलगी म्हणाली, “काही नाही गं मावशी, अल्टिमीटर अडकला होता. जुनं यंत्र आहे, होतं असं कधीकधी.” इतक्या सहज म्हणाली की मेहुणीनं लगेच दुसरा विषय काढला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ताटातलं बोटानं एका कडेला सारत बसली. तिला मी सांगितलं नव्हतं असं बोल म्हणून. कधी तो विषयच काढला नव्हता. चोराच्या मनात चांदणं असतं, पण तिच्या मनात ते कुणी पाडलं? लहानपणी ती खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. त्या दिवशी मी बघितलं. कान अगदी नेहमीसारखे होते.

वरून कुणीतरी कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरलं, मला पाहून थबकलं, “बरं वाटत नाही का?” विचारून गेलं. मी म्हटलं, लिफ्ट बिघडलीय. हे खरं होतं म्हणून म्हणताना बरं वाटलं, आणि खोटं टाळण्यात एवढं सुख वाटावं याचीच पुन्हा लाज वाटली. पायरीची फरशी गार होती. खरं म्हणजे मी त्या लिफ्टमुळे बसलो नव्हतो. त्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या खुर्चीत होते.

अकरा वर्षांत ते कधी दवाखान्यात आले नव्हते, दात दगडासारखे. शनिवारी सकाळी सहाव्या नंबरला आले, टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले, मी पाठ खाली केली तशी छताकडे बघत म्हणाले, “झोपेत दात खातो म्हणे मी. बायको सांगते. पट्टी उघडल्यावर तिला आधी तेच दिसलं.” डाव्या बाजूची खालची दाढ कडेनं तुटली होती. बाकीच्या दाढा घासून सपाट झालेल्या, नव्यानं, गेल्या महिन्याभरात. असं तोंड मी महिन्याला दोन-तीन बघतो आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. सवयीनं विचारून गेलो, “काही ताण आहे का?” विचारलं आणि माझा हात त्यांच्या तोंडात तसाच राहिला. त्यांच्या तोंडात आरसा, कापूस, माझी बोटं. ते काय बोलणार? भुवया उंच केल्या, म्हणजे आहे थोडा. मी दांडीनं दात ठोकत गेलो, इथं? नाही. इथं? नाही. इथं? त्यांनी डोळे मिटले. इंजेक्शन दिलं, दाढ साफ केली, भरली. अर्धा तास त्यांचं तोंड माझ्या ताब्यात होतं. तेवढ्या वेळात कितीतरी वेळा वाटलं की आता सांगावं, यांना उलट बोलता येत नाही तोवर सांगून टाकावं. हा विचार किती हलका होता हे मला तिथंच कळलं. तरी तोही मी पुरा केला नाही. म्हटलं, नर्स आहे. मग नर्स बाहेर गेली. म्हटलं, भरण सुकू दे.

चूळ भरताना त्यांच्या बधिर ओठातून पाणी हनुवटीवर आलं, ते त्यांना कळलं नाही. मी कागद दिला. “शिक्का शुक्रवारी परत केला,” ते म्हणाले. शब्द एका बाजूनं येत होते. मी विचारलं, “का? तपासणीत ठीक निघालं ना यंत्र?” “माझ्याकडं चाळीस वेळा ठीक निघालं. तुमच्याकडं एकदा अडकलं. ते एकदाच खरं.” “अहो मास्तर, पण—” “नाही डॉक्टर, तुम्ही काही उगाच बोलणाऱ्यातले नाही. शेजारी पोटची पोर बसलेली. माझ्या सहीचं यंत्र होतं, आणि मला त्यातली खोट सापडत नाही. ज्याला सापडत नाही त्यानं सही करू नये.” मी हातमोजे काढत होतो. ते ओले झाले की निघत नाहीत. मग त्यांनी टोपी घातली आणि दाराशी गेल्यावर, अगदी अवघडून, आपणच काही मागत असल्यासारखं विचारलं, “एक विचारायचं होतं. काटा अडकला तेव्हा टिचकी मारली होतीत का?” यंत्रकाराचा प्रश्न होता तो. टिचकीनं हलला तर खोट एका जागी, न हलला तर दुसऱ्या. त्यांना माझी चौकशी करायची नव्हती, खोट शोधायची होती. माझ्यापुढं अख्खी वाट मोकळी करून ते उभे होते, आणि मी म्हणालो, “मारली.” “मग? हलला?” “थोडासा.” त्यांचा अर्धा चेहरा उजळला, दुसरा अर्धा बधिर होता. “मग सापडेल,” ते म्हणाले. “मग आसाच्या टोकाशी असणार.” पाच आठवड्यांपूर्वीचं खोटं घाबरून निघालं होतं. हे कशानं निघालं? समोर एक साठ वर्षांचा माणूस माझ्यावर विश्वास ठेवून उभा होता, त्यानंच निघालं. मला माझी किळस आली. रोग्याच्या तोंडाची मला कधी येत नाही.

शेवटी उठलो आणि वर गेलो. मुलीनं दार उघडलं. लिफ्टचं सांगितलं तर म्हणाली, “मी पण उतरले होते आठव्यावर. पण दार हिरवं दिसलं, परत फिरले.” संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. बायको म्हणाली, टिचकीमास्तर आहेत, फार खुशीत आहेत. त्यांचा ओठ ताळ्यावर आला होता, आवाज स्वच्छ. “सापडलं,” ते म्हणाले. “उद्या सकाळी या, दाखवतो.” मी विचारलं, काय सापडलं? “चरा. या तर खरं.” फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते लिहून ठेवतो, कारण तेच सगळ्यांत लाजिरवाणं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, असेलही. खरंच असेल. यंत्र जुनं आहेच. कदाचित काटा थोडा अडकतही होता आणि वर मी चक्री फिरवायला विसरलो, दोन्ही. तासभर मी हे इतकं मनापासून मानलं की जेवण चांगलं गेलं.

रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, गाडी मी चालवते. तिला नुकताच परवाना मिळालाय. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंनी गोदामं, मग माळ. ती वेगाच्या काट्याकडे फार बघत होती. मी तिला सांगणार होतो की समोर बघ, आणि सांगितलं नाही. हँगरच्या कुंपणापाशी तिनं गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. “मी नाही येत,” ती म्हणाली. “का गं?” “मास्तरकाकांनी मला काही विचारलं तर?” ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “नाहीतर आधी ठरवून घेऊ बाबा. म्हणजे दोघांचं जुळेल.” रागानं नव्हे, टोमणा मारूनही नव्हे. शाळेच्या सहलीला काय काय न्यायचं ते ठरवतात तसं. मला वाटतं मी काहीतरी म्हणालो, थांब इथंच, असं काहीतरी, आणि उतरलो. गवत ओलं होतं. हँगरच्या दारापासून मास्तरांच्या खोलीपर्यंत चाळीसेक पावलं असतील. आमचं विमान वाटेत उभं होतं आणि त्याच्या तबकड्यांच्या रांगेत एक गोल भोक होतं, पडलेल्या दातासारखं.

खोली म्हणजे टेबल, दिवा आणि मोठं भिंग. पांढऱ्या कापडावर उंचीचं यंत्र सुटं करून मांडलेलं, एकेक दातेरी चाक, एकेक स्क्रू, डावीकडून उजवीकडं, उघडलं त्या क्रमानं. कापडाच्या कडेला काच, आणि काचेशेजारी ती तबकडी, खिडकीसकट. मास्तरांनी स्टूल पुढं सारलं. “दिवसभर नाही म्हणत, पण बसलो बराच वेळ,” ते म्हणाले. “टिचकीनं हललं म्हणालात ना, त्यावरून गेलो. नाहीतर हा आस मी उघडलाच नसता. बघा.” मी भिंगावर वाकलो. केसाएवढा पोलादी आस, आणि त्याच्या टोकाशी एक बारीक रेघ. होती. खरंच होती. “दिसली?” मास्तर विचारत होते. “दिसली,” मी म्हणालो, आणि डोळा तिथंच ठेवला. भिंगाखाली ओरखडे बघण्यात माझं आयुष्य गेलंय. जुना ओरखडा मंद असतो, त्याच्या कडा बोथट होतात, त्यात मळ बसतो. हा चकाकत होता. कडा धारदार. चिमट्याचं टोक घसरलं की पडते तशी रेघ, आमच्याही हातून पडते. फार तर आदल्या दिवशीची. मी डोळा उचलला तर मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे, साठ वर्षांचा माणूस. “म्हणजे माझंच चुकलं होतं,” ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना केवढं बरं वाटत होतं. “बुधवारी दिसायला हवं होतं मला. आता लिहून देतो तसं. निदान कळलं तरी.”

मी म्हणालो, “काटा अडकला नव्हता.” आवाज मला माझा वाटला नाही. “दाब मी लावलाच नव्हता. खिडकीत तुमचा बुधवारचा आकडा होता. रडारवरच्या बाईंनी विचारल्यावर मी फिरवला. टिचकी मारली नाही. काल तुम्हाला सांगितलं तेही खोटं.” एकदा सुरू झाल्यावर ते फार थोडं निघालं. पाच आठवडे मी ते एवढं मोठं समजत होतो, आणि सहा वाक्यांत संपलं. संपल्यावर मी थांबलो. लपवत नाही, मी वाट बघत होतो. त्यांनी रागवावं, किंवा जाऊ द्या म्हणावं, काहीतरी करावं की मग माझं मला मोकळं होता यावं. मास्तरांनी भिंग आपल्याकडं ओढलं, त्या आसावर वाकले, बराच वेळ बघत राहिले. कानावरची पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. “मग हा चरा माझ्या हातचा,” ते शेवटी म्हणाले. “चांगलं यंत्र होतं.”

बाहेर कुणीतरी एखादं इंजिन चालू करून बघत होतं, थोडा वेळ काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. ते थांबल्यावर मास्तर म्हणाले, “मुलगी शेजारी होती ना?” मी म्हणालो, “हो.” “तिला माहीत आहे?” “हो.” “कुठाय?” “गाडीत.” त्यांनी सवयीनं बोट उचललं, समोरच्या सुट्या तबकडीवर नेलं, आणि टिचकी न मारताच परत घेतलं. मग खणातून एक कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला, पेन त्यावर आडवं. “लिहायचं तर आहेच तुम्हाला,” ते म्हणाले. “पण तिला घेऊन या आधी. तिच्यासमोर लिहा.” मी शिक्क्याबद्दल काही बोलू लागलो, की अध्यक्षांना मी आजच फोन करतो, तुमचा शिक्का. “ते बघू,” ते म्हणाले आणि स्क्रू डबीत भरायला लागले, उजवीकडून डावीकडं. दाढ दुखतेय का, एवढंच विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. मुलीनं काच खाली केली. “सापडलं काकांना?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “मी सांगितलं.” तिनं माझ्याकडे पाहिलं, पाच आठवड्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. “सगळं?” “सगळं. आता लिहायचंय. तू समोर बसायचंस असं ते म्हणालेत.” मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. कदाचित ती हात धरेल असंही, खरं सांगायचं तर, वाटेत मनात आलं होतं. तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि ती हातात घेऊन तशीच बसून राहिली. “मावशीला मी सांगितलंय, काटा अडकला म्हणून,” ती म्हणाली. “आईला. कॉलेजात सगळ्यांना. ते तू नाही बाबा, मी सांगितलंय.” तिचे कान लाल झाले होते. मी दार उघडून धरलं. ती उतरली आणि माझ्यासाठी न थांबता गवतातून हँगरकडे चालायला लागली.